लेकीच्या पीएचडीबद्दल, ताई

ताई, जीवशास्त्रात पीएचडी म्हणजे मुक्या जिवांचे हाल, ही तुमची धास्ती मी समजू शकते. मीही ऐरोलीहून रोज लॅबला जाते, झेब्राफिशवर काम करते. बोटाच्या दोन पेरांएवढा, निळ्या पट्ट्यांचा, आपल्याच भारतीय उपखंडातला मासा. त्याचं अंडं पारदर्शक असतं. साधारण 24 तासांत आतलं हृदय धडधडताना दिसतं, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवणाची सुट्टी विसरले होते.

माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांशी जुळणारी जनुकं या माशात सापडतात, म्हणून आजार समजायला तो उपयोगी. पाण्यात तांबं वाढलं की त्याच्या अंगावरच्या, पाण्याचा प्रवाह ओळखणाऱ्या केसपेशी (केसांसारखे तंतू असलेल्या पेशी) मरतात, आणि आपल्या कानातही तशाच पेशी आहेत. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी ओळख, मिळाला, पण काठाला कारखाने आहेतच. मग त्या पाण्याचा जिवांवर काय परिणाम होतो, हे प्रश्न विचारायचे कुणी?

माशांवरच्या प्रयोगाला आधी प्राण्यांच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. फळमाशीवर भागत असेल तर मासा वापरूच नये, असं मला मनापासून वाटतं. लॅब निवडताना लेकीला एक विचारायला सांगा: रविवारी माशांना खायला कोण घालतं?