मुलांकडे परदेशी राहायला जाणाऱ्या निवृत्तांना विम्याची सक्ती : रास्त की लूट?

माडाखालचा (देवगड)
जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मुलगी कॅनडात, ब्रॅम्प्टनला. नातू झाला म्हणून मी आणि ही, दोघं सुपर व्हिसावर, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडिलांसाठी असलेल्या खास व्हिसावर, निघालोय. कलमांची फवारणी आणि राखण पुतण्याच्या गळ्यात घालून. हा व्हिसा २०११ सालचा. जुलै २०२२ पासून एका दमात पाच वर्षं राहता येतं. मुलीच्या कमाईची अट आहेच, पण घाम फुटतो तो दुसऱ्या अटीला : माणशी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा, निदान वर्षभराचा.

दोघांचा मिळून हप्ता आला माझ्या सहा महिन्यांच्या पेन्शनएवढा. ज्याला सांगतो तो म्हणतो, गुरुजी, लूट आहे. मला तसं वाटत नाही. त्या देशाला आम्ही दमडीचा कर दिलेला नाही, मग तिथल्या सरकारने आम्हाला फुकट का बघावं? १ जानेवारी २०१८ ला गोव्याने बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा आपण सिंधुदुर्गवाले केवढे पेटलो होतो. मीही पेटलो होतो. आता वाटतं, गोवेकराचं तरी काय चुकलं? दवाखाना त्याच्या पैशाचा. सक्ती असावी, असं माझं मत. तुमचं सांगा.

खाडीपलीकडची
गुरुजी, बांबोळीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. आपली माणसं तिकडे हौसेने जात नव्हती. मेंदूचा, हृदयाचा डॉक्टर जवळ मिळाला नाही की १०८ सरळ गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडायची. आणि बांबोळीत पैसे घेतले तरी उपचार तर होतात. विमा कंपनी पैसे आधी घेते आणि माणूस आडवा झाला की कागद काढते.

माझ्या बाबांचं सांगते. वय ७१. भावाकडे जायला निघण्याच्या अडीच महिने आधी डॉक्टरांनी बीपीची गोळी २५ वरून ५० ची केली. नवी पट्टी, नाव तेच, रंग तोच, कोपऱ्यातला बारीक आकडा तेवढा वेगळा. बाबांच्या लेखी गोळी तीच, सकाळी पेजेनंतर एक. तिकडे जानेवारीत छातीत कळ आली, दोन रात्री इस्पितळात काढल्या. क्लेम नामंजूर. का, तर आधीपासूनचा आजार निघण्यापूर्वी १८० दिवस 'स्थिर' हवा आणि डोस बदलला म्हणजे तो स्थिर नाही. डोस कमी केला असता तरी नाहीच, असं त्यांच्या कलमात होतं. भावाने ते बिल हप्त्या-हप्त्याने फेडलं.

तेव्हा सक्ती कसली? पावती दाखवायची. त्या पावतीवर काही मिळेलच, याची सक्ती कोणावर आहे?

माडाखालचा
वाईट झालं. पण ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फॉर्म वाचायला हवा होता.

खाडीपलीकडची
चाळीस पानं, इंग्रजीत. एजंटाने फोनवर विचारलं, "बीपी कंट्रोलमध्ये आहे ना?" बाबा म्हणाले, आहे. होतंच की, म्हणून तर डॉक्टरांनी डोस वाढवला होता! तुम्ही आयुष्यभर मुलांना उतारे वाचायला शिकवलंत, तुमचं जमेल. मच्छीवाल्या मावशीचा मुलगा टोरांटोत असेल तर तिने काय करायचं?

गजालवालो
गुरुजीनु, तुमी कर भरूक नाय म्हणतास. पण चेडू भरता मां थंय? आणि तुमी थंय जाऊन काय नुसते बसतलास? नातवाक सांभाळतलास, वयनी जेवान करतली. पाळणाघराचे पैसे वाचतले ते कोणाचे? तेचो हिशोब कोण करता काय नाय! हयसर मात्र म्हातारो दिसलो की लगेच पावती फाड.

माडाखालचा
गजालवाल्यानु, ह्यो मुद्दो माका सुचूक नव्हतो. पण लेकीचा कर लेकीच्या आणि नातवाच्या दवाखान्यापुरता. आम्ही तिथले रहिवासी नव्हे, पाहुणे.

गजालवालो
पाच वर्सा ऱ्हवता तो पाहुणो? आमच्यात तेका घरजावय म्हणतत.

बाणकोट बंदर
आमच्या खाडीपट्ट्यात आखाताचा पैसा नवा नाही, म्हणून दुबईचं सांगतो. तिथला आरोग्य विम्याचा कायदा २०१३ चा, क्रमांक ११. आईवडिलांना आपल्या व्हिसावर ठेवायचं तर विमा मुलानेच काढायचा. नाहीतर दंड, आणि व्हिसाचं नूतनीकरण अडकतं. म्हणजे सक्ती तिथेही आहे, कॅनडापेक्षा कडकच. पण त्यांनी एक काम केलंय. सगळ्यात साध्या पॉलिसीतसुद्धा काय असायलाच हवं, ते सरकारने ठरवून दिलंय. वर्षाला दीड लाख दिरहमची मर्यादा, आणि पहिल्यांदा विमा घेणाऱ्याचे जुने आजार सहा महिन्यांनी पॉलिसीत धरावेच लागतात. अब्बांची साखर सातव्या महिन्यापासून धरली गेली. हप्ता चांगलाच चावतो, खोटं कशाला बोलू? पण खाडीपलीकडच्या ताईंच्या वडिलांसारखं आमचं झालं नाही. भांडण सक्तीशी नाही. सक्ती एकट्या गिऱ्हाइकावर आहे, ते वाईट.

ओटीवरून
सक्तीच नको म्हणणाऱ्यांनी अमेरिका बघावी. टूरिस्ट व्हिसाला विम्याची अट नाही. १९८६ च्या कायद्याने तिथल्या इस्पितळांच्या इमर्जन्सी विभागाला आलेला रुग्ण तपासून सावरावाच लागतो, खिशात पैसे असोत-नसोत. फुकट मात्र नाही हां, बिल मागाहून टपालाने येतं. माझे चुलते "सहा महिन्यांत काय व्हायचंय" म्हणून विमा न काढता गेले, मूतखडा झाला, आणि परत आल्यावर आगरातला एक तुकडा विकला. ग्रीन कार्ड मिळालं तरी इथून गेलेल्या ६५ वरच्या माणसाला मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायला सलग पाच वर्षं तिथे काढावी लागतात. सक्ती असती तर चुलत्यांनी शिव्या दिल्या असत्या, पण तुकडा राहिला असता.

खाडीपलीकडची
किंवा हप्ताही गेला असता आणि तुकडाही.

सोलकढी
वादात पडत नाही, फक्त एक सांगते, कारण हे आमच्याच घरात झालंय. तिकडचा विमा काढलाय म्हणून इथली मेडिक्लेम बंद करू नका. बंद पडली की जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून, ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. एप्रिल २०२४ पासून ६५ नंतरही नवी पॉलिसी मागता येते हे खरं, पण साठवलेली वर्षं गेली ती गेलीच. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, तेवढाच हलका भार. सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड करून ठेवा, वर्षाला पाच लाख, उत्पन्नाची अट नाही. ते चालतं मात्र भारतातच.

बाणकोट बंदर
म्हणजे एका माणसाचे दोन विमे, आणि पेन्शन एकच.

माडाखालचा
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पॉलिसी वाचत होतो. इमानदारीत लिहितो. बाहेरच्याने आपला खर्च आपण उचलावा, हे माझं मत कायम आहे. पण बाणकोटवाल्यांचं पटलं. व्हिसाच्या नियमात विम्याची रक्कम आहे, मुदत आहे, उपचार, इस्पितळ आणि परत आणण्याचा खर्च आहे. जुन्या आजाराबद्दल तिथे काही सापडलं नाही. साठीच्या पुढचा, जुना आजार नसलेला माणूस आमच्या वाडीत तरी मला माहीत नाही.

ताई, तुम्हाला "फॉर्म वाचायला हवा होता" म्हणालो, ते मागे घेतो. काल रात्री फॉर्म भरायला बसलो. प्रश्न होता, गेल्या १८० दिवसांत कुठल्याही औषधात बदल? मी ठोकून "नाही" लिहिलं. ही आतून ओरडली, "माझी थायरॉइडची गोळी गणपतीत बदलली ना!" फडताळातून जुनी पट्टी काढली, नवीच्या शेजारी ठेवली आणि चष्मा लावून आकडे वाचले. ७५ आणि १००.

"नाही" खोडून "होय" केलंय. हप्ता किती वाढतो ते सोमवारी कळेल.