मोजणी जुळेपर्यंत नाही

ऑपरेशन चालू असताना "सर्जन चिडले की गप्प बसून केस उरकावी" असं काहीजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. पोट उघडं असताना वाद नकोच, पण पोटात वापरलेल्या वस्तूंच्या मोजणीत तडजोड नाही. मी भूलतज्ज्ञ. एकदा सिस्टर म्हणाल्या, एक मॉप (रक्त टिपायची कापडी घडी) कमी येतोय. सर्जन खेकसले, "तुमचंच चुकलंय, मी क्लोज करतोय." मी एवढंच म्हटलं, "सर, मोजणी जुळेपर्यंत मी पेशंटला उठवत नाही." मॉप आतड्यांमागे सापडला. (सिस्टरना सॉरी कुणीच म्हटलं नाही, ते सोडा.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या १९ मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा चेकलिस्टमध्ये पेशंट बाहेर नेण्याआधीची ही मोजणी आहेच, त्यामुळे बोट माणसाऐवजी कागदाकडे दाखवता येतं. ओरडण्याबद्दल मात्र मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सर्जनशी एकट्यात बोलले.