उत्तर: सिंकोपेशन म्हणजे नेमकं काय?

संगीतातलं आणि बोलण्यातलं सिंकोपेशन म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत. संगीतात ते म्हणजे आघात अपेक्षित जागेवरून सरकवणं. इथे एकांनी 'सिंकोपेशन म्हणजे ताल सोडणं' असं लिहिलंय, ते मला पटत नाही. ताल पक्का असल्याशिवाय सिंकोपेशन होतच नाही. करून बघा: पायाने ठेका धरा आणि तोंडाने म्हणा, 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि'. पाय आकड्यांवर पडू दे, टाळी मात्र फक्त 'आणि'वर द्या. लगेच एक ओढ जाणवते. आता पाय थांबवा, टाळ्या तशाच चालू ठेवा. थोड्याच वेळात त्या साध्या, सरळ वाटू लागतात! म्हणजे गंमत टाळीत नाही, कानाला जिथे आघात हवा होता तिथे तो न मिळण्यात आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे कमकुवत मात्रेवर सूर सुरू करून तो जोरकस मात्रेच्या पलीकडे लांबवणं. आपल्याकडे गायक-वादक समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित आधी किंवा नंतर येतात, ते अनागत-अतीत याच्या फार जवळचं. आडलय मात्र वेगळी, तिथे मूळ लयीच्या दीडपटीचा हिशोब असतो.

बोलण्यातलं विचारलंत, तर मूळ ग्रीक शब्दात 'कापणं' हा अर्थ आहे आणि भाषेत तो शब्दशः लागू पडतो: शब्दाच्या मधला ध्वनी गळतो. 'माणूस'ला 'ला' लागला की 'ऊ' जातो. लिहितो 'माणसाला', म्हणतो 'माण्साला'. 'बोलतो'चं 'बोल्तो' तर आपण दिवसभर करतो. संगीतात असं काही गळत नाही, आघात फक्त सरकतो. त्यामुळे दोन्हींचं मूळ एक असलं तरी अर्थ वेगळेच धरावेत.