औषध आलं, पण फ्रीज कुठाय?
"परदेशी मदत आली की औषध आईपर्यंत पोहोचलंच" असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनच घ्या. ते २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. दक्षिण सुदानमध्ये राजधानी जुबापर्यंत खोकी येतात. पुढे पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात, आणि अनेक दवाखान्यांत वीजच नाही. उन्हात राहिलेली ती इवलीशी काचेची कुपी दिसायला तशीच स्वच्छ, आतलं औषध मात्र कमजोर. बाई रक्ताने भिजत असताना सुईणीला हे कळणार कसं? हाच रक्तस्राव रोखणारं, पण उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन हे औषध २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलंय. मदत देणाऱ्यांनी ते तर पाठवावंच, शिवाय सौरऊर्जेवरचे फ्रीज आणि गावापर्यंतच्या वाहतुकीचा खर्चही उचलावा.