मदत हवी आहे: स्कॉच आणि राय एकाच बैठकीत चाखता का?

मंडळी, गेले काही महिने चाखलेल्या व्हिस्कींची वही ठेवतोय. ब्लेंडेड स्कॉचचं बऱ्यापैकी जमतं. ब्लॅक लेबल नाकाशी नेली की आधी मध, सुका मेवा आणि मागून हलका धूर, एवढं ओळखू येतं. घोडं अडलंय रायपाशी, म्हणजे राय धान्याच्या व्हिस्कीपाशी. परवा आधी रिटनहाउस नावाची अमेरिकन राय घेतली, 50 टक्के अल्कोहोलवाली. पहिल्याच घोटाला लवंग-मिरीचा असा ठसका, की नंतरची स्कॉच म्हणजे नुसतं गोडसर पाणी! वहीत तिच्यापुढे 'फिकी' लिहिलं. तो अन्याय आहे हे मलाही कळतंय.

अमेरिकन रायमध्ये किमान 51 टक्के राय धान्य, पिंप नवं आणि आतून जाळलेलं, त्यामुळे चव झणझणीत, हे मान्य. म्हणून 30 मिलीत साडेसात मिली पाणी घालून ती 40 टक्क्यांवर आणली. ठसका उतरला, पण व्हॅनिलाही गेला.

तुम्ही काय करता? स्कॉच आधी आणि राय शेवटी, की सरळ वेगळे दिवस? आणि गुण दोघींना एकाच फूटपट्टीने देता का? माझी वही सध्या खाडाखोडीने भरलीय.