चर्चा: ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मेंदूचं फ्लुरोसन्स रेकॉर्डिंग, तयार सॉफ्टवेअर की स्वतःचा कोड?

वर्धाकाठ:
तालुक्याच्या कॉलेजातल्या एम.एस्सी.च्या पोरांना कॅल्शियम इमेजिंगचा (पेशी चेतली की आत वाढणारं कॅल्शियम चमकणाऱ्या प्रथिनानं टिपायचं, त्याचा) प्रोजेक्ट द्यायला आपण काहून घाबरतो? जिवंत मेंदूत खोलवर बघणारा महागडा टू-फोटॉन मायक्रोस्कोप इथं येणार नाही, पण डेटा येतो. अॅलन इन्स्टिट्यूटची उंदरांच्या दृष्टी-कॉर्टेक्सची रेकॉर्डिंग आणि डँडी आर्काइव्ह हे मेंदूच्या डेटाचं ऑनलाइन भांडार, दोन्ही खुले आहेत. सुइट२पी आणि केमॅन ही तयार सॉफ्टवेअर फुकट आहेत. हललेल्या फ्रेम जुळवणं, पेशी शोधणं, सिग्नल काढणं हे सगळं त्यात होतं. थेट सुइट२पीवर बसवा.

मेळघाट_कोड:
नाही पटत भाऊ, आधी हिशेब करा. ५१२ × ५१२ पिक्सेल, १६ बिट, म्हणजे एक फ्रेम अर्ध्या एमबीची. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर अर्ध्या तासाचे २८ जीबी. सुइट२पी त्याची बायनरी प्रत बनवते, तिला जवळपास तेवढीच जागा वेगळी लागते. मधेच लोडशेडिंग झालं की अर्धवट फाइल पुसून पहिल्यापासून सुरुवात.

त्यापेक्षा फायबर फोटोमेट्री द्या, म्हणजे मेंदूत बसवलेल्या बारीक तंतूनं तिथल्या सगळ्या पेशींची एकत्र चमक मोजणं. दोन चॅनेल, सेकंदाला १०१७ नमुने, तरी तासाचा डेटा ३० एमबीच्या आत बसतो. दर ५० नमुन्यांची सरासरी घ्या, म्हणजे सेकंदाला साधारण २० उरतात. सुरुवातीची काही मिनिटं कापा, कारण ब्लीचिंग (प्रकाशानं चमक फिकी पडणं) तेव्हाच सर्वात वेगानं होतं. ४०५ नॅनोमीटर प्रकाशाचा कंट्रोल चॅनेल कॅल्शियमनं फारसा बदलत नाही, तो ४६५ च्या कॅल्शियम सिग्नलवर सरळ रेषेनं बसवा, तो वजा करा आणि त्यानंच भागा. झाला डेल्टा एफ भागिले एफ, म्हणजे मूळ चमकेच्या तुलनेत झालेला बदल. पायथनच्या वीस ओळी, आणि प्रत्येक ओळ पोराला समजलेली असते.

वर्धाकाठ:
पण कच्चा व्हिडिओ उतरवायला सांगितलं कोणी? डँडीवरची एनडब्ल्यूबी (मेंदूच्या डेटाच्या ठरलेल्या साच्यातली) फाइल नेटवरून तुकड्यानं वाचता येते. प्रक्रिया केलेले ट्रेस (एकेका पेशीच्या चमकेचे आलेख) त्यात असतील तर तेवढेच ओढा. कच्च्या डेटावरच हात बसवायचा असेल तर पाच मिनिटांचा तुकडा घ्या, ५ जीबीच्या आत येतो. सुइट२पीतली बॅच साइज (एका वेळी घ्यायच्या फ्रेम) ५०० ची २०० करा, रॅमवरचा भार कमी होतो. शंभर पेशी एकेक दिसणं आणि फायबरच्या टोकाशी सगळ्यांची बेरीज मिळणं, यात फार फरक आहे. पोरांना तो फरक दिसलाच पाहिजे.

लोणार_लॅब:
दोघांनीही सेटिंगचा विषय सोडला. खरी गडबड तिथंच होते. सुइट२पीत एफएस म्हणजे दर प्रतलाचा (एका खोलीवरच्या थराचा) सेकंदाला फ्रेमचा वेग. ३० हर्ट्झवर ४ प्रतलं असतील तर ७.५ लिहायचं. पोरं ३० ठोकतात, मग चमक विझायला चौपट फ्रेम लागतात असं धरलं जातं आणि डिकन्व्होल्यूशन (चमकेवरून पेशी कधी चेतली ते काढणं) चुकतं. जीकॅम्प६एफ या चमकणाऱ्या प्रथिनाला टाऊ (चमक विझायचा काळ) ०.७ सेकंद, पण ६एस मंद आहे, त्याला १.२५ ते १.५. सॉफ्टवेअर एररही देत नाही, सुंदर आलेख काढून देतं! न्यूरोपिल गुणक (पेशीभोवतीची चमक किती वजा करायची तो आकडा) ०.७ असतो, तोही ट्रेस डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानू नका. म्हणून मी मेळघाटकडे झुकतो, आधी हाताचा कोड.

वर्धाकाठ:
मग हाताच्या कोडात चूक होत नाही का? ४०५ च्या रेषेचा उतार ऋण आला तर वजाबाकीत हालचालीचा दोष जायच्या ऐवजी वाढतो. वीस ओळींत हे तपासतंय कोण?

मेळघाट_कोड:
एकविसावी ओळ तपासते. उतार छापा. ऋण आला तर रेकॉर्डिंग बाजूला ठेवा, नाहीतर टोकाच्या बिंदूंना कमी वजन देणारं रोबस्ट फिट लावून बघा. कच्चे दोन्ही चॅनेल एकाखाली एक काढले की दोघांतही एकदम आलेली उडी लगेच दिसते. ती हालचाल. फक्त ४६५ मध्ये आलेली उडीच कॅल्शियमची म्हणायची. हे ओळखता येईस्तोवर सुइट२पी उघडू देऊ नये, माझं मत तेच आहे.