आयफोनचे एचईआयसी फोटो, वेबपी लोगो आणि जुनं फोटोशॉप: प्रेसला नक्की काय पाठवू?

वाचनवेडी_कराड
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाला ७५ वर्षं होतायत, त्याची स्मरणिका काढतोय आणि फोटोंचं काम माझ्याकडे आलंय. कार्यक्रमाचे फोटो एका सभासदाच्या मुलाने आयफोनवर काढले आणि ड्राइव्हवर टाकले, मी उतरवून घेतले तर सगळ्या फाइली एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमधे, आणि माझ्याकडचं फोटोशॉप सीएस६ त्या उघडतच नाही. लोगो आमच्याच वेबसाइटवरून घेतला तर तो वेबपी (वेबसाइटवरच्या चित्रांचा फॉरमॅट) निघाला, तोही उघडत नाही. ग्रुपवर एकजण म्हणाले की नाव बदलून शेवटी जेपीजी (म्हणजे जेपेगच) लिहा, होऊन जाईल. खरंच होतं का असं? प्रेसवाले म्हणतायत टिफ किंवा जेपेग द्या, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके). मला थोडं एडिटिंगपण करायचंय, उजेड वाढवणं, क्रॉप वगैरे. कॉम्प्युटर विंडोज १० आहे. फोटो बरेच आहेत, एकेक करत बसायला वेळ नाही.

पिक्सेल_पाटील
ताई, नाव बदलून काहीही होत नाही. आतला डेटा आहे तसाच राहतो, फक्त बाहेरची पाटी बदलते. एखादं सॉफ्टवेअर आतलं ओळखून उघडेलही पण प्रेसमधे नेमकी तीच फाइल अडकेल, त्यामुळे ते करूच नका.

आयफोनवर २०१७ साली आयओएस ११ आलं तेव्हापासून फोटो बाय डिफॉल्ट एचईआयसीमधे सेव्ह होतात कारण जेपेगपेक्षा बऱ्याच कमी जागेत तेवढीच क्वालिटी बसते. तुमचं सीएस६ २०१२ चं, त्याला हा प्रकार माहीतच नाही, म्हणजे फोटोत बिघाड काही नाहीये.

बल्कमधे करायचं तर एक्सएनकन्व्हर्ट हे फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर घ्या, घरगुती वापराला फुकट आहे. सगळा फोल्डर आत टाकायचा, आउटपुटला टिफ निवडायचं, कॉम्प्रेशन एलझेडडब्ल्यू ठेवायचं (त्यात क्वालिटी अजिबात जात नाही) आणि सेव्ह होणारा फोल्डर वेगळा द्यायचा. मूळ एचईआयसी फाइली कुठेतरी जपून ठेवा, स्मरणिका छापून झाली तरी डिलीट करू नका. दोन-चारच फोटो असते तर गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे उघडून एक्सपोर्ट केले असते तरी चाललं असतं, गिंप २.१० पासून एचईआयसी आणि वेबपी दोन्ही उघडतं.

सहज_सुचलं
एवढं कशाला, त्या मुलाला सांगा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, आपोआप जेपीजी होऊन येतात.

पिक्सेल_पाटील
@सहज_सुचलं नाही हो, तिथेच तर घात होतो. व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करून पाठवतं, मोबाइलवर छान दिसतो पण छापायला घेतला की चेहरे मेणासारखे दिसतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते, पण मग ती एचईआयसीच येणार, म्हणजे फिरून तिथेच. ताईंकडे ड्राइव्हवरून मूळ फाइली आल्यात ही खरं तर चांगली गोष्ट आहे.

ताई, अजून फोटो काढायचे बाकी असतील तर त्या मुलाला सांगा सेटिंग्जमधे कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल निवड. नवे फोटो सरळ जेपेगमधे येतील, जुने मात्र बदलत नाहीत. आणि केबलने विंडोजवर कॉपी करताना मधेच एरर येऊन थांबलं तर फोनच्या फोटोज सेटिंगमधे खाली ऑटोमॅटिकच्या जागी कीप ओरिजिनल्स करायचं. ऑटोमॅटिकवर फोन कॉपी करता करताच जेपेग बनवत असतो आणि तिथे बऱ्याचदा अडकतो.

छापखाना_सांगली
मी प्रेसमधे डिझाइनला आहे म्हणून आमच्या बाजूने सांगतो. ३०० डीपीआय म्हटलं की लोक फोटोशॉपमधे ७२ चा आकडा खोडून ३०० लिहितात आणि रीसॅम्पल चालू ठेवतात, मग सॉफ्टवेअर मनाने पिक्सेल भरतं आणि फोटो गिळगिळीत होतो. आकड्याकडे बघू नका, पिक्सेल बघा. आयफोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ बाय ३०२४ असतो, ३०० ने भागा, साधारण १३ बाय १० इंच छापता येतो. स्मरणिकेचं अख्खं पान झालं की! डीपीआय बदलायचाच असेल तर रीसॅम्पलची खूण काढून बदला.

सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) तुम्ही करू नका, आरजीबीच (स्क्रीनचे रंग) पाठवा, कुठला कागद आणि कुठलं मशीन त्याप्रमाणे आम्ही करतो. फक्त एक, आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ नावाच्या कलर प्रोफाइलमधे (रंग नेमके कसे दाखवायचे ते सांगणारी फाइलमधली माहिती) असतात, कन्व्हर्ट करताना ते प्रोफाइल गळून पडलं तर रंग फिके दिसतात, कुंकवाचा लाल विटकरी होतो. त्यामुळे फोटोशॉपमधे उघडल्यावर एडिट मेनूतून कन्व्हर्ट टू प्रोफाइल करून एसआरजीबी करा. असाइन प्रोफाइल नाही हां, कन्व्हर्टच.

लोगोचं म्हणाल तर वेबसाइटवरचा लोगो छापायला घेऊच नका, तो स्क्रीनपुरता लहान केलेला असतो. ज्यांनी बनवला त्यांच्याकडे कोरलची (कोरलड्रॉ) किंवा पीडीएफ फाइल असेल ती मागा, व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेला) असेल तर कव्हरवर मोठा केला तरी कडा फाटत नाहीत. नाहीच मिळाला तर वेबपीचा पीएनजी करा, जेपेग नको. जेपेगला पारदर्शकपणा कळतच नाही, लोगोच्या मागे पांढरा डबा येतो आणि रंगीत कव्हरवर तो फार वाईट दिसतो.

वाचनवेडी_कराड
खूप खूप आभार सगळ्यांचे! एक्सएनकन्व्हर्टने सगळे टिफ झाले, सीएस६ मधे व्यवस्थित उघडतायत. लोगो करणाऱ्यांना फोन केलाय, कोरल फाइल शोधून देतो म्हणालेत. आता अजून दोन शंका. काहींनी जुने कार्यक्रमाचे फोटो जेपीजीमधे दिलेत, ते पण टिफ केले तर क्वालिटी वाढेल का? आणि १९६०-७० च्या दशकातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो अल्बममधे आहेत, ते मोबाइलने काढू की स्कॅन करू?

पिक्सेल_पाटील
वाढणार नाही. जेपेग सेव्ह होताना फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देतो, तो एकदा गेला की कुठल्याच फॉरमॅटमधे परत येत नाही. पण एडिट करणार असाल तर तरीही टिफ करून घ्या, कारण जेपेग उघडला, थोडा बदलला, परत जेपेग सेव्ह केला, उद्या पुन्हा उघडला, असं केलं की दर सेव्हला थोडं थोडं अजून जातं. एडिटिंग सगळं टिफमधे करा आणि प्रेसला जेपेगच द्यायचा ठरला तर अगदी शेवटी एकदाच, क्वालिटी १२ (फोटोशॉपमधली सगळ्यात वरची) ठेवून. ज्या जेपेगला हात लावायचा नाहीये तो आहे तसाच द्या.

जुने फोटो स्कॅनच करा ताई, मोबाइलवर चमक येते आणि कोपरे वाकडे येतात. ६०० डीपीआय, आणि ब्लॅक अँड व्हाइट असले तरी कलरमधे स्कॅन करा म्हणजे पिवळटपणा आणि डाग नंतर वेगळे करून काढता येतात. ४ बाय ६ चा फोटो तसा केला तर कॉम्प्रेशनशिवाय २६ एमबीच्या आसपास टिफ होईल, होऊ दे. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधे बहुतेक वेळा जेपेग आधीच निवडलेलं असतं ते आठवणीने बदला.

छापखाना_सांगली
हेच म्हणणार होतो. स्कॅन करायच्या आधी काच पुसून घ्या, आणि अल्बमला फोटो चिकटलेले असतील तर ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा, क्रॉप मग करता येतं. टिफ पाठवताना लेयर फ्लॅटन करून (फोटोशॉपमधले थर एकत्र करून) पाठवा आणि पेनड्राइव्हवरच द्या.